दुसरा हात

ये घड्याळजी, ये. शटर अर्धंच उघडं आहे, वाकून ये. डोकं सांभाळ, आत थोडंच असलं तरी आहे तेवढंच आहे. हां, त्या स्टुलावर टेक. असा काय बघतोस? आज स्टुलाला काही लावलेलं नाही. मागच्या वेळचं ग्रीस तुझ्या पँटवरून निघालं की नाही? नाही? चला, तेवढीच माझी आठवण.

काम फार नाही. एक ठोका मारायचाय. हातोड्याचा, एकच, आणि तोही मी सांगेन तेव्हा. तुलाच का बोलावलं म्हणशील, तर तुझ्या कानांसाठी. भिंतीपलीकडे बसून तू मनगटी घड्याळ कानाला लावतोस आणि म्हणतोस, 'याच्या चाकाचा एक दात झिजलाय.' मला तसे कान हवेत. माझ्या कानांवर माझा आता भरवसा नाही, आणि माझ्यावर या बाजारात कुणाचाच नाही. कसा असेल? चाळीस वर्षं लोकांच्या हॉर्नमध्ये शिट्ट्या बसवल्या, मेहुण्याच्या चहात मीठ घातलं, तुझ्या दुकानातली सगळी घड्याळं एकदा वीस मिनिटं पुढं केली. हसू नकोस, त्या दिवशी तू जेवायला लवकर गेलास ना? मग.

तर दिवा इथं मधे ठेवू. बोनेटवर नको, रंग ताजा आहे. आता नीट बघून घे हिला.

ही विलायती गाडी. हिरवी, दोन माणसांपुरती, आणि इतकी ठेंगणी की बसल्यावर वाटतं, आपण रस्त्यावरच मांडी घातलीय. हिला आपले पाने चालत नाहीत, तिचे पाने वेगळे, इंची. दिवे तिच्या मर्जीने लागतात. खाली थाळी ठेवल्याशिवाय झोपत नाही, रोज चमचाभर तेल सांडलंच पाहिजे. अगदी माझ्या थोरल्या मावशीसारखी, तब्येत नाजूक आणि आवाज सगळ्या घराला ऐकू जाणारा.

आणि ही तिची चाकं. तारांची. इतर गाड्यांना चाकाला चार-पाच नट असतात, हिला मधोमध एकच. हा बघ, त्याला दोन कान आहेत. आमचे वस्ताद त्याला दोनकान्या म्हणायचे. या कानावर तांब्याच्या हातोड्यानं एका बाजूनं मारलं की नट आवळतो, उलट बाजूनं मारलं की सुटतो. तांबं का, तर नटाला इजा होत नाही, फक्त लालसर खूण उठते. डाव्या चाकांचे आटे एका दिशेचे, उजव्यांचे उलट्या. का, तर गाडी पुढं पळताना नट आपोआप आवळलेला राहतो. डोकं बघ साहेबाचं. आपण चौथीत दोनदा बसलेली माणसं, पण हे मला एका दिवसात कळलं होतं.

आवळलेला नट ठोकला की आवाज येतो, ठण्ण. ढिल्याचा येतो, थप्प. एवढंच शिक्षण.

वस्तादांचा एक नियम होता. चाक बसवणाऱ्यानं तीन ठोके मारायचे आणि ओरडायचं, 'दुसरा हात!' मग दुसऱ्या माणसानं यायचं, स्वतः हातोडा घ्यायचा, चाकावर एक ठोका मारायचा, ऐकायचं आणि म्हणायचं, 'बस.' तीन आणि एक, आणि मग बस. त्याशिवाय चाकाखालचा जॅक काढायचा नाही. मी विचारायचो, वस्ताद, तुमच्या हातावर तुमचाच भरवसा नाही का? तर म्हणायचे, 'आपलाच ठोका आपल्याला गोड लागतो रे. दुसऱ्याला विचारावं.' बोलताना शीळ वाजायची त्यांची. समोरच्या दोन दातांत फट होती, तिच्यातून वारा यायचा. कामात गढले की नुसताच श्वास त्या फटीतून यायचा, स्सस... स्सस... आम्हाला न बघताही कळायचं, वस्ताद मागे उभे आहेत.

त्यांचा उजवा कान गेलेला होता. इंजिनांपाशी आयुष्य काढलं की जातो. आणि आता मी तुला जे सांगतोय ते चौतीस वर्षं मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

ती ऐरण दिसतेय कोपऱ्यात? माझं स्टूल तिच्याशेजारी असायचं. मी आळशी आणि चावट. वस्ताद ओरडले, 'दुसरा हात!' की मी चहाचा कप खालीसुद्धा ठेवायचो नाही. बसल्या जागेवरून हातोडा ऐरणीवर मारायचो. ठण्ण! आणि म्हणायचो, 'बस!' वस्ताद गाडीपलीकडे उकिडवे बसलेले, उजवा कान माझ्याकडे. त्यांना काय कळतंय? ते समाधानानं मान हलवायचे आणि मी कपात बघून हसायचो. महिनोन्महिने चालली ही गंमत. सगळी चाकं नीटच असायची, कारण वस्तादांचा हात पक्का होता.

एका दुपारी मात्र ते या गाडीची चाकं बसवत होते. ही गाडी, हीच. डावीकडचं मागचं चाक चढवलं, नट हातानं फिरवून ठेवला आणि फोन वाजला. ते उठून गेले. परत आले तेव्हा डोक्यात फोन होता. पुढच्या चाकाला लागले. शेवटी चारही चाकांपाशी फिरत ओरडले, 'दुसरा हात... दुसरा हात...'

मी चार वेळा ऐरण वाजवली. चार वेळा 'बस' म्हणालो.

गाडी फिरवून बघायला ते घाटात गेले. पाण्याच्या टाकीच्या वळणावर मागचं डावं चाक निघालं. गाडी कठड्यावरून खाली गेली. चाक मात्र रस्त्यानंच उतरत आलं, आणि खाली मैलाच्या दगडाला टेकून उभं राहिलेलं सापडलं. कुणीतरी आणून ठेवल्यासारखं.

त्यांच्या बायकोनं मला एकच विचारलं, 'भाऊजी, तुम्ही तपासलं होतं ना?'

मी म्हणालो, 'वहिनी, चारही ठण्ण वाजले होते.'

खोटं बोललो का? वाजले होतेच की.

...

दिव्याची वात जरा वर कर. हां.

त्यांना एक मुलगी होती, सहा वर्षांची. एकदा कुणाचं बोट धरलं की सोडायची नाही, म्हणून मी तिचं नाव ठेवलं पक्कड. बाप गेल्यावर तिनं माझं बोट धरलं. शाळेच्या दारात मी, तापात उशाशी मी, सायकल शिकवताना मागे धावणारा मी. सायकल सोडून देऊन 'धरलंय, धरलंय' असं ओरडणाराही मीच. पुढं ती दातांची डॉक्टर झाली. मी म्हणायचो, बापाच्या दातांतली फट बघत वाढली, दुसरं काय होणार? माझी अक्कलदाढ तिनंच काढली. म्हणाली, 'काका, दाढ मिळाली, अक्कल सापडत नाहीये.' मला मूल नाही, घड्याळजी. मला ती आहे.

दीड वर्षापूर्वी ती माझ्यासमोर उभी राहिली. मागे ट्रकवर ताडपत्रीखाली काहीतरी.

'काका, ओळखा काय आणलंय.'

'म्हैस.'

'बाबांची गाडी.'

जुन्या मालकानं ती शेडमध्ये टाकून दिली होती. मालक गेला, मुलांनी शेड रिकामी केली, आणि हिनं ती उचलून आणली. उंदरांनी सीटमध्ये संसार थाटलेला, खालचा पत्रा पापडासारखा मोडणारा, एक बाजू चेपलेली.

मी म्हणालो, 'कशाला उकरतेस, पक्कड? भंगारात दे.'

'बाबांनी शेवटचा हात लावला ती वस्तू आहे. तुम्ही उभी करा, मी चालवीन. तुमच्याशिवाय कुणाला जमणार?'

नाही म्हणायला हवं होतं. मी ट्रकवरून गाडी उतरवून घेतली.

चौदा महिने लागले. मेहुणा पत्र्याला आणि रंगाला, मी बाकी सगळ्याला. सीट काढली तर खाली वस्तादांचा तांब्याचा हातोडा. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, तीही शाबूत. चौतीस वर्षांत तांबं काळं पडतं ना? हा लख्ख होता. मेहुणा म्हणाला, 'भावजी, तुम्हीच घासून ठेवला असेल, मला घाबरवायला.' मी हसलो. काय करणार, माझाच माल माझ्या गळ्यात.

मग इंजिन चालू झालं. हिला दोन कार्बोरेटर असतात, जुळ्या भावांसारखे. दोघांचा श्वास सारखा लागतो. रबरी नळीचं एक टोक त्याच्या तोंडाशी धरायचं, दुसरं आपल्या कानात, आणि एकेकाचा श्वास ऐकून स्क्रू फिरवायचा. भर सकाळ होती, दार सताड उघडं, समोर पोस्टमन सायकल लावत होता. पुढच्याचा श्वास ऐकला, सरळ, एकसारखा. नळी मागच्याला लावली.

स्सस... स्सस...

मधे मधे शीळ. दातांच्या फटीतून येते तशी.

मी नळी ओढून काढली. मेहुण्याला म्हटलं, 'ऐक जरा.' त्यानं नळी कानाला लावायच्या आधी दुसरं टोक तपासलं, मी त्यात काही भरलंय का म्हणून. मग ऐकलं. 'चांगला तर चाललाय. झकास.' मी पुन्हा लावली. माझ्या कानात शीळच. इंजिन बंद केलं, घड्याळजी. नळी कानात तशीच राहिली होती. इंजिन बंद, आणि श्वास चालूच.

त्या दिवसापासून मी थट्टा कमी केली. बायको म्हणाली, 'तब्येत बरी आहे ना? दोन दिवस झाले, साखरेच्या डब्यात साखरच आहे.'

चाकं चढवायची दुपार आली. तीन वाजले असतील. मेहुणा रंगाच्या दुकानात जातो म्हणून निघाला होता. मी एकटा. पहिलं चाक चढवलं, तीन ठोके मारले आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, 'दुसरा हात!'

ठण्ण.

मला बरं वाटलं. म्हटलं, आला वाटतं पठ्ठ्या परत. दुसरं चाक, तीन ठोके, हाक. ठण्ण. तिसरं. ठण्ण. मी गाडीपलीकडे उकिडवा, मला त्याचे पाय दिसत नव्हते, पण कामाच्या भरात कोण बघतंय? चौथं, डावीकडचं मागचं. तीन ठोके. 'दुसरा हात!' ठण्ण. मी म्हटलं, 'शाबास! आज चहा माझ्याकडून, बिनमिठाचा.'

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मेहुणाच. 'भावजी, हिरव्यात दोन छटा आहेत, कुठली आणू? मी दुकानातच उभा आहे.'

मी हळूहळू उठलो. गुडघे वाजले, तेवढाच आवाज. आणि मग डोक्यात आलं, की ते चारही ठोके चाकापाशी वाजलेच नव्हते. ते त्या तिथून आले होते. कोपऱ्यातून.

ऐरणीवर चार खुणा होत्या. तांब्याच्या, लाल, ताज्या. हातोडा माझ्या हातात होता.

मी एकेक चाक स्वतः ठोकून बघितलं. तीन ठण्ण. डावं मागचं, थप्प.

आत्ताच आवळला होता मी तो. आटे तपासले, दिशा बरोबर. नट नवा, हब नवा. पुन्हा आवळला, ठण्ण वाजेपर्यंत. हात धुवून आलो, ठोकला. थप्प. अंगातलं सगळं बळ लावून आवळला, नटासमोर स्टूल टाकून बसलो, पापणी हलवली नाही. काही घडलं नाही. समाधानानं उठलो, जाता जाता एक टिचकी मारली. थप्प.

मेहुणा आल्यावर सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून हसला. 'भावजी, ही तुमची आजवरची सगळ्यात भारी. खुणा तर काय झकास काढल्यात!'

'अरे, मी नाही काढल्या.'

'तोंड पण काय केलंय! वा!'

बघितलंस? मी लोकांना इतकी वर्षं जे खायला घातलं, तेच आता माझ्या ताटात होतं.

रविवारी सकाळी पक्कड आली. डोक्याला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा, नव्या नवरीसारखी गाडीभोवती फिरली. मी म्हटलं, 'गाडी तयार नाही.'

'मेहुणेकाका म्हणाले, तयार आहे. म्हणाले, तुम्ही भुताची गोष्ट सांगाल, ऐकू नकोस.'

'पक्कड, डावं मागचं चाक राहत नाही. आवळतो, सुटतं.'

'बरं.' ती हसली. 'आणि मी स्टेअरिंगवर बसले की हॉर्नमधून कोंबडा आरवणार का?'

'माझ्या गळ्याशप्पथ...'

'काका, तुमच्या गळ्याच्या किती शपथा झाल्या? गळा अजून आहे.' ती दार उघडून आत बसलीसुद्धा. किल्ली लावली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, आणि मला मागच्या कार्बोरेटरची शीळ ऐकू आली.

मी गाडीसमोर आडवा उभा राहिलो. हात जोडले. ती अजूनही हसतच होती. तिला थांबवायला माझ्याकडे एकच गोष्ट शिल्लक होती, जिच्यावर कुणीही विश्वास ठेवला असता, कारण तिच्यात गंमत नव्हती.

'तुझ्या बाबांच्या वेळी मी चाक तपासलं नव्हतं,' मी म्हणालो. 'त्या ऐरणीवर मारलं. चारही वेळा. बसल्या बसल्या. चहा पीत.'

तिनं इंजिन बंद केलं. चष्मा काढला. बराच वेळ तिनं माझ्याकडे बघितलं, एखाद्या किडलेल्या दाताकडे बघावं तसं. ठेवावा की काढावा.

मग उतरली. माझ्या हातातून हातोडा घेतला.

'बाबांचा ना हा?... तुम्ही मारा तीन. मी देते दुसरा हात.'

मी तीन मारले. तिनं वाकून एक मारला. ठण्ण. स्वच्छ, गोल, लांब. 'बस,' ती म्हणाली. चारही चाकं झाली. चारही ठण्ण. मला रडू आवरेना. वाटलं, फिटलं.

'आता बसा शेजारी,' ती म्हणाली.

'कुठं?'

'घाटात.'

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी बसलो. टाकीचं वळण आलं, तिनं वेग कमी केला नाही. आणि अगदी त्या कठड्यापाशी माझ्या पाठीमागून, चाकाच्या बाजूनं... ठण्ण. एकच. खडा उडाला असेल म्हटलं. वर जाऊन वळलो, सुखरूप खाली आलो.

ती उतरून हात धुवायला गेली, आणि मी त्या नटावर हात ठेवला.

तो दोन बोटांनी फिरला. एका आट्यावर लटकत होता, घड्याळजी. फुंकर मारली असती तरी पडला असता. अख्खा घाट आम्ही त्याच्यावर उतरलो होतो.

ती यायच्या आधीच मी नट घासून लख्ख केला होता. आवळण्याच्या बाजूला चार लाल खुणा होत्या, माझ्या तीन, तिची एक. आणि उलट्या बाजूला, सोडण्याच्या बाजूला, एक. ताजी.

या वेळी मी लपवलं नाही. तिला बोलावून दाखवलं. तिनं नट बोटानं फिरवून बघितला, खुणेवरून अंगठा फिरवला.

'मला कळत होतं,' ती हळूच म्हणाली. 'वळणापासून स्टेअरिंगमधून कळत होतं. चाक सुटलं होतं, काका. पण कुणीतरी धरून होतं.'

'पक्कड, ही गाडी जाळून टाकू.'

'मला बाबांचा हात आठवत नव्हता. चेहरा फोटोत आहे, हात कुठं असणार? आज लागला.' तिनं रुमाल सोडला. 'पुढच्या रविवारी येते. तुम्हाला यायचं नसेल तर मी एकटी जाईन.'

आता सांग, मी काय करू? किल्ली तिच्याकडे. मी एकदा वायर काढून ठेवली, तर तिनं येऊन शांतपणे जोडली. माझीच शिष्या. दुसऱ्या रविवारी गेलो. तीन माझे, एक तिचा, ठण्ण, बस. वळणावर पाठीमागून दोन ठोके. खाली येऊन बघितलं, उलट्या बाजूला दोन खुणा. गेल्या रविवारी तीन.

मोजतोयस ना तू? मीही मोजतोय. एक, दोन, तीन. उद्या रविवार आहे. वस्ताद नियमाचे पक्के होते. तीन झाले, उद्याचा चौथा. आणि चौथ्यानंतर काय असतं ते मी तुला मघाशीच सांगितलंय.

वस्ताद लेकीला धरून आहेत, हे मला पटतं. पण मला ते किती वेळ धरतील? आणि आम्ही दोघं एकाच चाकावर बसतो ना रे.

म्हणून तुला बोलावलं. ठरवलंय ते असं. मी आत्ता तुझ्यासमोर या नटावर तीन मारतो. चौथा तू मार. तू या सगळ्यातला नाहीस, तुझा वस्तादांशी काही संबंध नाही, तू खरा दुसरा हात. आणि तुझे कान खोटं ऐकणार नाहीत. ठण्ण वाजलं, तर उद्या निर्धास्तपणे तिच्याशेजारी बसतो. थप्प वाजलं, तर किल्लीशिवाय इंजिन कसं सुरू करायचं ते मला येतं. ती यायच्या आधी, उजाडता उजाडता, मी एकटाच गाडी काढतो. टाकीच्या वळणापर्यंत. चाक माझ्या वाट्याचं, माझ्याबरोबर जाईल. तिच्यासाठी गाडीच राहणार नाही.

तोंड असं करू नकोस. हसलास तरी चालेल. तू मला तीस वर्षं ओळखतोस, गंमतच असेल की.

हा धर हातोडा. नाही, थांब, आधी माझे तीन. नट बघून घे, दोन्ही बाजूंनी लख्ख आहे ना? संध्याकाळीच घासलाय. एकही खूण नाही. तुझ्या डोळ्यांना भिंग लावून बघ हवं तर. नाही ना? ठीक.

एक.

दोन.

तीन.

घे. मूठ नीट धर, ट्यूबवर बोटं घट्ट. हात वर कर. आणि मी म्हटलं की मार. दुसरा हात!

...

ठण्ण वाजलं. ऐकलंस? स्वच्छ वाजलं. गोल, लांब... तुला सांगतो, अगदी...

घड्याळजी.

हात खाली घे की. तुझा हात अजून वरच आहे.

तू... मारलाच नाहीस?

मागे वळू नकोस. कोपऱ्याकडे नको. दिवा घे, इकडे नटापाशी आण. इकडची बाजू, माझ्या तीन खुणा. बरोबर. आता पलीकडची बाजू. सोडण्याची. जरा वाक... अजून...

मोज तू. मला नाही मोजवत.

चार?

नीट मोजलंस?... चार.

म्हणजे उद्यापर्यंत थांबायचं नव्हतंच त्यांना. ठोके झाले सगळे. आता फक्त तो एक शब्द राहिला. तू म्हणू नकोस. मीही म्हणत नाही. ओठ घट्ट मिट, हे बघ, मीही मिटतो. आणि दिवा खाली ठेव, म्हणजे दोघांचीही तोंडं दोघांना दिसतील.

ती शीळ ऐकू येतेय ना तुला? दातांतून येते तशी... गाडीपलीकडून...

आपण दोघं काही बोलायचं नाही. नुसतं ऐकू, तिसरं कोण म्हणतं ते.